पाच रुपयांची झालर

अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर लिहिलेल्या 'गुज़िश्ता लखनौ' या ग्रंथात पतंगांबद्दलची एक आठवण नोंदवली आहे. नवाब आसफउद्दौला यांच्या काळात, म्हणजे १७७५ ते १७९७ या वर्षांत, नवाबी पतंगाला सोन्या-चांदीच्या तारांची झालर लावत. तिची किंमत पाच रुपये. पतंग कटला की ज्याच्या हाती लागेल त्यानं तो परत नेऊन द्यावा आणि पाच रुपये घ्यावेत. नाही नेऊन दिला, तरी बाजारात त्या झालरीचे पाच रुपये कुठेही सुटत.

लहानपणीच्या वेडाच्या वस्तूला पुढे काय भाव येतो, या प्रश्नाचा विचार करताना मला ही आठवण फार उपयोगी पडते. पाच रुपये होते ते तारांचे. पतंगाचा कागद आणि कामट्या संध्याकाळपर्यंत फाटून-मोडून जायच्या. आणि गच्चीवरून गच्चीवर धावणारं पोर पाच रुपयांसाठीच धावत होतं असं म्हणायलाही जागा नाही. कारण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला लखनौत 'जमघट' म्हणतात, आजही चौकातली पोरं काटेरी फांदी बांधलेली काठी घेऊन कटलेल्या पतंगामागे तितक्याच जिवानं धावतात. त्या पतंगाला झालर नसते. तो दुकानात काही रुपयांना मिळतो. तरी लुटलेला पतंग हाती आला की पोराच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते दुकानातून पतंग आणताना दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक समजूत घट्ट होत चालली आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेली कॉमिक्स, बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची कार्डं, चिप्सच्या पाकिटातले टाझो, छोट्या मोटारी, शाळेतला तिकिटांचा अल्बम, हे सगळं आता मोलाचं झालं आहे आणि टाकून दिलं असेल तर आपण लाखांवर पाणी सोडलं, अशी ती समजूत. तिच्या पाठोपाठ दुसरी येते: आपल्या मुलांच्या वस्तू तरी आता नीट जपून ठेवू, म्हणजे पुढे कामाला येतील. पहिली समजूत बहुतांशी खोटी आहे. दुसरी मला घातक वाटते, आणि हा लेख मुख्यतः तिच्याविरुद्ध आहे.

आधी बाजारातच जाऊ. जुन्या लखनौत चौकाच्या अंगानं नखासचा बाजार आहे. पक्ष्यांचा बाजार म्हणून तो पूर्वीपासून प्रसिद्ध, आणि रविवारी तिथे जुन्या सामानाची पथारी लागते. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईतला चोर बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते दृश्य परकं वाटणार नाही. घड्याळांचे सुटे भाग, नळाच्या तोट्या, चपला, पितळेचे अडकित्ते, मोबाइलचे चार्जर आणि मधूनच एखाद्या चादरीवर कागदी माल. तिथे मी राज कॉमिक्सचा एक गठ्ठा चाळत बसलो होतो. दिल्लीच्या या प्रकाशनानं १९८६ मध्ये नागराज आणला, नंतर सुपर कमांडो ध्रुव, पुढे डोगा. डोगा तर मुंबईचा, पण त्याची खरी सत्ता उत्तरेत चालली. उत्तर प्रदेशातल्या नव्वदच्या दशकातल्या पोरांना हे तिघे घरच्या माणसांसारखे होते.

गठ्ठ्यातला एक अंक मी हातात घेतला. मुखपृष्ठाचा वरचा उजवा कोपरा गेलेला. कण्याला सुई-दोऱ्यानं घातलेली शिवण, तीही जाड पांढऱ्या दोऱ्याची, गोधडीच्या टाक्यांसारखी लांब लांब. आतल्या पानावर रबरी शिक्का, त्यातली भाड्याची रक्कम अजून वाचता येत होती: ५० पैसे रोज. शेवटच्या पानावर निळ्या बॉलपेननं कुणीतरी नागराजला मिशा काढलेल्या. हा वाचनालयाचा, म्हणजे किराणा दुकानाच्या कोपऱ्यात दोरीवर टांगून भाड्यानं देण्याचा अंक होता. किती हातांतून गेला असेल! मी किंमत विचारली. दुकानदारानं सांगितली ती अगदी किरकोळ होती. शेजारचा दुसरा अंक मात्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वेगळा ठेवला होता, त्याचा भाव अनेक पटींनी जास्त. फरक कशाचा म्हणून विचारलं, तर तो अगदी सहज म्हणाला, "भाईसाहब, ये पढ़ी हुई है।"

वाचलेली आहे, म्हणून स्वस्त. त्याचं चुकलं नव्हतं. जगभरचा हा धंदा याच एका नियमावर उभा आहे आणि अमेरिकेत त्याचं शास्त्र बनवलेलं आहे. १९९१ मध्ये तिथे पीएसए नावाची कंपनी निघाली. खेळाडूंची किंवा पोकेमॉनची कार्डं तिच्याकडे पाठवायची, ती भिंगाखाली तपासून १ ते १० असे गुण देते आणि कार्ड प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून परत करते. गुण कशाला? चारही कोपरे टोकदार आहेत का, कडांवरचा रंग उडालाय का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, चित्र बरोबर मध्यभागी छापलंय का. म्हणजे मुलाच्या बोटांची, खिशाची, दप्तराची, शाळेच्या बाकाची जेवढी खूण, तेवढे गुण कमी. दहापैकी दहा मिळवणारं कार्ड म्हणजे ज्याच्याशी कुणी खेळलंच नाही असं कार्ड. एकाच चित्राच्या दहा गुणांच्या आणि सहा गुणांच्या कार्डात किमतीचं जे अंतर पडतं, ते वस्तूच्या वयाचं नसतं. ते अंतर न खेळण्याचं असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बेसबॉलच्या कार्डाचं आहे. टॉप्स कंपनीनं १९५२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड काढलं. ते ज्या मालिकेत होतं तिचा शेवटचा भाग, ज्यात हे कार्ड होतं, हंगाम संपता संपता बाजारात आला आणि खपला नाही. उरलेली खोकी गोदामात पडून राहिली आणि अखेर १९६० च्या सुमारास कंपनीनं ती पडावात घालून न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच मँटलच्या एका कार्डाला लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. ते कार्ड १९८५ मध्ये सापडलेल्या एका न खपलेल्या साठ्यातलं होतं, म्हणजे कुठल्याच मुलाच्या हाती पडलेलं नव्हतं. एकीकडे समुद्रात बुडालेली हजारो कार्डं, दुसरीकडे पोरांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवत झिजवलेली हजारो, आणि मध्ये उरलेलं एक कोरं कार्ड. त्या किमतीत या तिन्हींचा वाटा आहे.

कॉमिक्सचंही तेच. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो अ‍ॅक्शन कॉमिक्सचा १९३८ चा पहिला अंक दहा सेंटांना मिळत होता. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरना गेली. तो अंक जपावा असं १९३८ मध्ये कुणालाच वाटलं नव्हतं. मुलांनी वाचून फेकला, आयांनी कचऱ्यात टाकला, महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत तो लगद्यात गेला. उरला तो चुकून उरला. पुढे या किमती ऐकून एक अख्खी पिढी शहाणी झाली. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला तेव्हा तो काळ्या सीलबंद पिशवीत विकला गेला. लोकांनी दोन-दोन, पाच-पाच प्रती घेतल्या, पिशवी न फोडता कपाटात ठेवल्या. लाखो प्रती अशा रीतीनं अगदी कोऱ्या राहिल्या, आणि म्हणूनच आज तो अंक जेवणाच्या बिलाइतक्या पैशात मिळतो. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ होणार कशी?

बीनी बेबीज या कापडी प्राण्यांची गोष्ट याहून करुण आहे. टाय कंपनीनं १९९३ मध्ये ते बाजारात आणले आणि एकेक प्राणी ठरावीक काळानं 'निवृत्त' करायची युक्ती काढली. निवृत्त झाला की भाव चढे. मोठी माणसं त्याच्या कानाला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीला प्लॅस्टिकचं आवरण घालत, कारण चिठ्ठी चुरगळली की किंमत गेली. १९९९ मध्ये लास वेगासच्या एका कौटुंबिक न्यायालयात घटस्फोट घेणारं जोडपं जमिनीवर बसून ते प्राणी एकेक करून वाटून घेत होतं, त्याचं छायाचित्र जगभर छापून आलं. त्याच वर्षी कंपनीनं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, मग लोकांच्या आग्रहाचं निमित्त करून फिरवली, आणि काही वर्षांत सगळं मातीमोल झालं. ज्यांच्याकडे ते होते त्यांतल्या कित्येक मुलांना त्यांच्याशी खेळायची मनाई होती. पैसा तर गेलाच, पण खेळणंही झालं नाही.

आपल्याकडे हा खेळ जरा वेगळ्या वाटेनं चालला. भारतात जुन्या वस्तूला नेहमीच भाव होता, तो किलोवर. रद्दीवाला होता, भंगारवाला होता, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण होती. टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं. मराठीतही आलं. वेताळ, मँड्रेक आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर आपल्या दोन पिढ्यांनी वाचला. १९९० मध्ये ते बंद पडलं तोवर सुमारे ८०० अंक निघाले होते. आज त्यातल्या सुरुवातीच्या अंकांना संग्राहक चांगले पैसे मोजतात, मराठी अंकांना तर शोधूनही सापडत नाहीत म्हणून मोजतात. ते गेले कुठे? वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि परीक्षा संपल्यावर, तराजूच्या पारड्यात गेले. वाण्याकडे त्यांच्या पुड्या झाल्या. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्या घरांनीच ते रद्दीत घातले, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोन खोल्यांच्या घरात ८०० अंक ठेवणार कुठे?

मग बिग फन बबलगमची कार्डं आली. त्यावर क्रिकेटपटूचा फोटो आणि पाठीमागे धावा किंवा बळी. ती जमवायची, परत द्यायची आणि बदल्यात बक्षीस घ्यायचं, अशी ती योजना. इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ती कार्डं परत करण्यासाठीच होती. जो मुलगा खरा शौकीन, त्याच्याकडे ती उरलीच नाहीत, कारण त्यानं ती बक्षिसावर बदलून घेतली. टाझो शाळेच्या मैदानावर आपटून-उलटवून जिंकण्यासाठी होते. ट्रम्प कार्डांवरच्या पैलवानांची वजनं आणि उंच्या पाठ होत्या, पण कार्डांचे कोपरे आठवड्याभरात गोल होत. या वस्तूंचं सारं आयुष्य हातघाईत गेलं.

आणि पोकेमॉन कार्डांबद्दल एक गोष्ट तर कुणी बोलतच नाही. दोन हजारच्या दशकात कार्टून वाहिनीवर पोकेमॉन सुरू झाल्यावर आपल्या गावागावांत, लखनौच्या अमीनाबादपासून आमच्या पेठांतल्या स्टेशनरीच्या दुकानांपर्यंत, जी कार्डं विकली गेली ती बहुतेक नकली होती. पातळ पुठ्ठा, फिका रंग, चुकीची अक्षरं, पत्रकावरून फाडून घ्यायची. अस्सल कार्डं इथल्या सामान्य घरातल्या पोरानं पाहिलीही नव्हती. आज तीस-पस्तिशीतला माणूस ट्रंक उघडून ती बाहेर काढतो आणि त्याला सांगण्यात येतं की यांची किंमत शून्य. बाजाराच्या हिशेबात ते बरोबर आहे. पण इथल्या मुलांचं खरं बालपण त्या नकली कार्डांतच होतं. अस्सल डबीबंद कार्ड आज हजारो रुपयांना विकत घेणारा माणूस स्वतःच्या आठवणीतली वस्तू घेत नाही, दुसऱ्या देशातल्या मुलाची घेतो. अस्सल आणि नकली यांचा जो निवाडा पैशाच्या बाजारात होतो, त्याला आपल्या आठवणींच्या बाबतीत काही अधिकार आहे असं मला वाटत नाही.

बरं, किमती चढतात त्या टिकतात का? त्या चढतात कारण जी पिढी लहानपणी त्या वस्तूंमागे वेडी होती ती आता चाळिशीला पोचते, हातात पगार खेळतो, आणि तेव्हा न मिळालेलं आता घेऊन टाकावं असं वाटतं. हे वाटणं त्या पिढीबरोबर सरतं. पोस्टाची तिकिटं पाहा. साठ-सत्तरच्या दशकांत शाळकरी मुलाच्या घरी अल्बम नाही असं मध्यमवर्गीय घर विरळा. बिजागऱ्या लावून, चिमट्यानं धरून, देशवार लावलेली तिकिटं. 'नातवाला याचे लाख मिळतील' असं सांगणारे आजोबा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' असा शिक्का मारून जेमतेम १०० तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी काढली होती. त्यातल्या चार तिकिटांचा जोडलेला संच २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना गेला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्या बातमीच्या जोरावर आजोबांचा अल्बम घेऊन तिकिटांच्या दुकानात गेलेल्यांना काय ऐकायला मिळालं, ते छापून आलं नाही. ती तिकिटं मुठीनं मिळतात. घेणारे म्हातारे झाले, नवे आले नाहीत.

या स्वप्नाची एक काळी बाजू उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सारखीच दिसते. ७८६ आकडा असलेली नोट, ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, यांना लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती फोनवर येतात. विकायला गेलं की आधी नोंदणीचं शुल्क भरा, मग कर भरा, मग कमिशन भरा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून हे चालतं. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर पत्रक काढून सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. फसणारी माणसं लोभी असतात असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्याच्या घरात कुणी काही ठेवून गेलेलं नाही, त्याला आपल्या डब्यातल्या जुन्या नाण्यात दैव दडलेलं असावं असं वाटणं स्वाभाविक आहे. लाखांच्या किमतींच्या बातम्या दहा वेळा छापणाऱ्यांनी त्या डब्यातल्या इतर सगळ्या नाण्यांची किंमतही एकदा छापायला हवी होती.

आता या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. किंमत नसेल तर वस्तू वाचतीलच कशा? रद्दीवाल्याच्या पारड्यातून इंद्रजालचे जे थोडे अंक सुटले ते संग्राहकांमुळे, आणि संग्राहक पैसे देतात म्हणूनच नखासचा दुकानदार गठ्ठा पुड्यांसाठी न विकता पिशवीत घालून ठेवतो. हे मी मान्य करतो. त्या दुकानदाराच्या रोजीरोटीला माझा काडीचाही विरोध नाही. पण किंमत कुठली वस्तू वाचवते, हे जरा खोलात जाऊन पाहावं लागतं, आणि त्यासाठी लखनौइतकं चांगलं उदाहरण नाही.

एकोणिसाव्या शतकात मातीच्या चित्रांसाठी हिंदुस्थानातली काही गावं नावाजलेली होती: कृष्णनगर, लखनौ आणि आपलं पुणं. भिस्ती, धोबी, साधू, शिपाई, फकीर, भाजीवाली, वीतभर उंचीच्या रंगवलेल्या आकृती, कपड्याच्या चुण्या आणि हातांच्या शिरा दिसतील इतक्या बारीक. युरोपियन अधिकारी आणि प्रवासी त्या विकत घेत, प्रदर्शनांत मांडत, मायदेशी नेत. त्या आज लंडनच्या संग्रहालयात आहेत, लिलावांत येतात, आणि याच परंपरेतल्या मातीच्या प्रतिकृती भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मराठी वाचकांनी पाहिल्या असतील. त्याच लखनौत कुंभार दिवाळीला मुलांसाठीही खेळणी करत, अजून करतात: डोक्यावर आणि हातांवर पणत्या घेतलेली ग्वालन, हत्ती, घोडा, पोपट, इवलीशी चूल-भांडी. लाह्या-बत्ताशांबरोबर ती घरी येतात, पूजेत मांडली जातात आणि मग मुलांच्या हाती जातात. देवदिवाळीपर्यंत त्यांतलं क्वचितच काही धड राहतं.

एकाच मातीची दोन खेळणी. साहेबासाठी केलेलं काचेच्या कपाटात गेलं म्हणून वाचलं. मुलांसाठी केलेलं, ज्याच्याशी शहरातलं प्रत्येक पोर खेळलं, त्याचा शंभर वर्षांपूर्वीचा नमुना शोधायला गेलं तर हाती काही लागणं कठीण. किमतीनं जे वाचवलं ते बालपण नव्हतंच. तो परक्या माणसाचा संग्रह होता. बाजारावर सोपवलं तर पुढेही हेच होणार. शंभर वर्षांनी डबीबंद कार्ड सापडेल आणि मिशा काढलेला नागराज सापडणार नाही.

बाजाराखेरीज दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्याच माणसानं दाखवला आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कविनाव 'अज्ञातवासी'. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. केळकरांनी गावोगाव हिंडून जे जमवलं, त्याला त्यांनी त्या मुलाचं नाव दिलं, आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. तिथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, फण्या, कुंकवाचे करंडे, सोंगट्या, खेळणी. ज्या काळात केळकर ते गोळा करत होते त्या काळात यातल्या बहुतेक वस्तूंना मोडीच्या भावापलीकडे किंमत नव्हती. त्यांना वापराच्या खुणा नको होत्या असं नाही. उलट वापरलेली वस्तू हीच त्यांची वस्तू. तेलानं काळी पडलेली समई त्यांना हवी होती, कारण ती कुणाच्या तरी घरात जळली होती. किमतीची वाट न पाहता माणसाचं जगणं जपण्याचा हा रस्ता आहे, आणि तो एका बापानं चालून दाखवला.

वर ज्या दुसऱ्या समजुतीला मी घातक म्हटलं तिच्याकडे आता येतो. आजचे खेळणीवाले या किमतींच्या कथा ऐकून हुशार झाले आहेत. वस्तू निघतानाच ती 'मर्यादित आवृत्ती' म्हणून निघते. पॉप मार्ट या चिनी कंपनीची लबुबू बाहुली बंद खोक्यात मिळते, आत कुठली निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, एखादी दुर्मीळ मुद्दाम मिसळलेली असते. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाच्या उंचीची एक लबुबू १० लाख युआनच्या वर गेली. आपल्याकडच्या महानगरांत मुली ती पर्सला अडकवून फिरू लागल्या, आणि नकली बाहुल्या रस्त्यावर आल्या. मग कंपनीनं माल वाढवला आणि त्याच वर्षी पुनर्विक्रीच्या बाजारातले भाव घसरले. ज्या कंपनीच्या हाती छापखाना आहे, तिनं ठरवलेल्या दुर्मीळतेवर भरवसा ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या हातातल्या दोरीवर चालणं आहे.

पण पैसे बुडण्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची चिंता जास्त आहे. दोन-दोन छोट्या मोटारी घेणारे आईबाप मी पाहिले आहेत, एक फोडायला आणि एक ठेवायला. काहींकडे तर एकच, आणि तीही फोडायची नाही. भिंतीवर पुठ्ठ्यासकट टांगलेल्या मोटारींखाली सहा वर्षांचा मुलगा उभा राहतो आणि पाहुण्यांना सांगतो की ही आता एवढ्याला जाते. त्याला भाव माहीत आहे. ती गाडी उतारावरून सोडली तर किती लांब जाते, ते माहीत नाही. कुठलंही मूल वस्तूवर जीव लावतं ते हाताळून, अदलाबदल करून, हरून, हरवून. माझ्याकडचे दोन घे, तुझा तो एक दे, या सौद्यात मुलं जो न्याय, जी मैत्री, जी फसवणूक आणि जी भरपाई शिकतात, ती शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नाही. तिथेही व्यवहार असतो, किंमत असते. पण ती किंमत त्या दोघांनी त्या दुपारी ठरवलेली असते, आणि संध्याकाळी दोघंही त्या वस्तूशी खेळतात. पुढे विकायची म्हणून ठेवलेल्या वस्तूत हे काहीच घडत नाही. तिचा खरा मालक अजून न भेटलेला, वीस वर्षांनंतरचा गिऱ्हाईक असतो आणि मूल फक्त राखणदार.

आणि ज्या गिऱ्हाइकासाठी ती राखायची, तो तरी कशाला येईल? आज चाळिशीतला माणूस नागराज शोधत फिरतो तो त्यानं नागराज भाड्यानं आणून, शिवण घालून, मिशा काढून वाचला होता म्हणून. उद्या जी पिढी चाळिशीची होईल तिच्याजवळ न फोडलेली खोकीच असतील, तर तिला परत हवंसं वाटेल असं काय उरेल?

म्हणून वाचकांना विनंती आहे. मुलासाठी आणलेलं खेळणं त्याच्यासमोर फोडा आणि त्याच्या हाती द्या. मोडलं तर मोडू द्या. जुन्या नोटा-नाण्यांसाठी आधी पैसे मागणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका, आणि दिले गेले असतील तर लाज न बाळगता १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा. आणि या दिवाळीला माळा काढाल तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यातून चार वस्तू बाजूला काढा. त्या चांगल्या अवस्थेतल्याच असायला हव्यात असं नाही, सगळ्यात जास्त वापरलेल्या काढा. मागे पेन्सिलीनं लिहा: कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या वर्षाची, तेव्हा केवढ्याला मिळाली, आणि तिच्याशी कसं खेळत होतात. मग त्या गावातल्या वाचनालयाला किंवा जवळच्या संग्रहालयाला देऊन या. त्यांनी घेतल्या नाहीत, तर घरातच ठेवा. फक्त त्यावर किंमत लिहू नका.